कण, समूह आणि त्रिरश्मीवरचा प्रश्न

अवयव एकत्र आल्यावर अवयवी नावाची नवी वस्तू उत्पन्न होते, की अवयवांच्या समूहालाच व्यवहारात एक नाव दिले जाते, हा भारतीय दर्शनांतील मोठा वाद आहे. वैशेषिकांनी अवयवीला स्वतंत्र द्रव्य मानले, तर बहुतेक बौद्ध संप्रदायांनी ते नाकारले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत मात्र तिसरी भूमिका घेणाऱ्या भिक्षूंचे वास्तव्य होते. सातवाहन राजघराण्यातील गौतमी बलश्रीने आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या 19व्या राज्यवर्षी तिसऱ्या क्रमांकाचे लेणे ज्या भद्रायणीय संघाला दान दिले, तो वात्सीपुत्रीय परंपरेची शाखा होता. आणि या परंपरेच्या मते पुद्गल, म्हणजे कर्म करणारी व त्याचे फळ भोगणारी व्यक्ती, ही रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांहून वेगळी नाही आणि त्यांच्याशी एकरूपही नाही. अग्नी इंधनावाचून राहत नाही, तरी इंधन म्हणजे अग्नी नव्हे.

या वादाला धातूच्या नॅनोकणांमुळे, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायच्या कणांमुळे, नवी धार येते. श्विन, गार्विन आणि श्मिट-ओट यांनी 1988 मध्ये मांडलेल्या स्पार्क ॲब्लेशन पद्धतीत धातूच्या दोन कांड्या अगदी थोडी फट राखून समोरासमोर ठेवतात आणि त्या फटीतून आरगॉन किंवा नायट्रोजन वायू वाहता ठेवतात. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ठिणगीच्या रूपाने फटीतून उडते, टोकांवरच्या धातूची क्षणार्धात वाफ होते आणि ती वाफ थंड वायूत निवताना अणू एकमेकांना चिकटून कण बनतात. ठिणगीची ऊर्जा वाढवली किंवा ठिणग्या भरभर पाडल्या, तर वाफ दाट होऊन कण मोठे होतात. वायूचा प्रवाह वाढवला, तर वाफ विरळ होते, कणांना एकमेकांवर आदळायला अवधी मिळत नाही आणि ते लहान राहतात.

आकार बदलला की गुणही बदलतात. 1064 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या पिवळ्या सोन्याचे सुमारे 20 नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले, तर पाणी लाल दिसते, आणि दोन-तीन नॅनोमीटरचा कण कितीतरी कमी तापमानाला वितळतो. कार्याचे रूप कारणाच्या रूपातून येते, हे वैशेषिकांचे मत येथे टिकत नाही, कारण सुट्या अणूला ना पिवळेपणा असतो ना लाली. परंतु द्व्यणुकाचे, म्हणजे दोन परमाणूंच्या जोडीचे, परिमाण परमाणूंच्या परिमाणातून न येता त्यांच्या संख्येतून येते, हा त्यांचाच विचार आजही मोलाचा वाटतो.

ही लाली कणातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनातून येते, असे समूहवादी म्हणेल आणि ते खरेच आहे. मात्र ते दोलन सांगताना त्याला अख्खा कण, त्याचा पृष्ठभाग आणि त्याचा आकार गृहीत धरावाच लागतो. अवयवांवरून उलगडा झाला, म्हणून अवयवी खोटा ठरत नाही. भद्रायणीयांचा प्रश्न व्यक्तीविषयी होता, धातूविषयी नव्हता, आणि प्रयोगशाळा त्यांचा सिद्धान्त सिद्ध करत नाही. तरीही माणूस म्हणजे अणूंची केवळ बेरीज, म्हणून कर्माची जबाबदारी कोणाचीच नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी सोन्याच्या एका कणाची लाली त्या बेरजेत कोठे बसते, हे दाखवले पाहिजे.