नुसती बटणे दाबणारा

चित्रपटातला संगणक-चोर पाहिला, की मला मोठी गंमत वाटते. काळोखी खोली, पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरे, आणि दहा बोटांच्या टकटकीसरशी अर्ध्या मिनिटात उघडणारी बँकेची तिजोरी! आमच्या मरोळला लागून सीप्झ आहे. तेथे दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांना या देखाव्याचे हसू आले, तर नवल नाही.

पण खरा दोष हिरव्या अक्षरांचा नाही. चोराला एकटा आणि अलौकिक करण्याचा आहे. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. व्यवहाराची शहानिशा करणाऱ्या यंत्रणेला कुणीतरी गुपचूप बगल दिली, हे खरे. पुढचे काम मात्र साध्या हातांचे होते. नकली कार्डे घेऊन माणसे २८ देशांत एटीएमपुढे उभी राहिली. त्याला ना विद्या लागली, ना प्रतिभा. २०२३ साली या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

अशा माणसाच्या मनात काय येत असेल? 'मी काय केले? नुसती बटणे दाबली!' पाप इतक्या जणांत वाटले, की कुणालाच त्याचे ओझे जाणवत नाही. पडद्यावरचा चोर निदान स्वतःला चोर समजतो!

थोड्याशा दलालीसाठी आपले बँकखाते 'चार दिवस' परक्याला देणाराही याच साखळीतला. सणासुदीला अशी मागणी घेऊन कुणी दारी आला, तर वाचकहो, त्याला फराळ जरूर द्या. पासबुक देऊ नका.