ईश्वराचे भय आणि त्याचा शब्द

देववाचक 'थिऑस' आणि भयवाचक 'फोबॉस' या दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून पाश्चात्त्यांनी 'थिऑफोबिया' हा शब्द घडविला आहे. ईश्वराविषयीची अकारण भीती, असा त्याचा अर्थ. हा समास अर्वाचीन होय. प्राचीन ग्रीकांचा शब्द 'डेइसिडेमोनिया' असा होता व त्यात देवतांविषयीचा आदर आणि त्यांची धास्ती या दोहोंचा समावेश होई. पुढे प्लुटार्क या ग्रंथकाराने त्यावर एक निबंध लिहिला. देव नाही असे मानणाऱ्यापेक्षा, देव आहे पण तो दुष्ट आहे असे मानणाऱ्याची स्थिती अधिक केविलवाणी, असे त्याचे मत होते.

आपल्याकडे अशा भीतीला रूढ शब्द नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मराठीत 'पापभीरू' आहे, हिंदी व बंगालीत 'धर्मभीरु' आहे, आणि हे शब्द बहुधा स्तुतीचेच. भयाचा जो हेतू त्याला पाणिनीने अपादान म्हटले असून त्याची विभक्ती पंचमी होय. 'पापभीरू' या समासात ती पंचमी पापावर पडते, ईश्वरावर नव्हे. (मराठी माणूस 'देवाला भितो' असे म्हणतो खरा; पण तेथे विभक्तीबरोबर विचारही बदलतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.)

यावर कोणी विचारील की, वारा ब्रह्माच्या भयाने वाहतो, सूर्य त्याच्या भयाने उगवतो, असे तैत्तिरीय उपनिषदच सांगते ना? सांगते, पण तेथे भय म्हणजे नियमाचे अनुल्लंघन. सूर्य रोज वेळेवर उगवतो. उद्या आपल्यावर कोप होईल काय, या चिंतेने तो झुरत नाही. शिवाय त्याच वल्लीत, ब्रह्माशी जो थोडेसेही अंतर ठेवतो त्यालाच भय उत्पन्न होते, असेही म्हटले आहे.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन खरोखरच भ्याला. विश्वरूप पाहताच त्याला आठवले काय, तर आपण थट्टेत 'अरे कृष्णा, अरे यादवा' म्हणत आलो ते. भीतीचा हा स्वभावच आहे. ती जुनी खाती उकरून काढते. परंतु भगवंतांनी त्या खात्याचा हिशेब मागितला नाही. व्यथा सोडण्यास सांगून त्यांनी आपले सौम्य रूप पुन्हा धारण केले व भ्यालेल्याला धीर दिला. पुढे सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते, तिचा आरंभच अभयाने आहे.

आता गृहस्थाच्या घरात यावे. मूल तापाने फणफणले की आईला फेडावयाचा राहिलेला नवस आठवतो. आजारपणात एकादशी मोडली, तर वृद्धाला औषधापेक्षा त्या दोषाचीच चिंता अधिक. अशांसाठी दुसऱ्या अध्यायातील चाळिसावा श्लोक आहे. त्यावरील भाष्यात आचार्यांनी दोन दृष्टांत दिले आहेत. शेती अर्धवट राहिली तर केलेले श्रम वाया जातात. चिकित्सा चुकली तर उलट अपाय होतो. कर्मयोगात यांपैकी काहीच होत नाही. आरंभ फुकट जात नाही आणि न्यूनाचा प्रत्यवायही नाही. ज्याला नवसाची धास्ती वाटते, तो ईश्वराला चुकलेल्या औषधासारखा समजत असतो.

सत्यनारायणाची कथा ऐकून अनेकांची धास्ती वाढते, हे खरे. पण साधुवाण्याचा अपराध कोणता? दिलेला शब्द त्याने टाळला, आणि नौकेत काय आहे असे विचारता तो खोटे बोलला. दोन्ही पापेच, पंचमी जेथे पडावी तेथेच पडली आहे. कलावतीचे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण पतीला पाहण्याच्या ओढीने तिने प्रसाद टाकला, यात कपट कोठेच नाही. तथापि परत येऊन प्रसाद घेताच तिला सर्व परत मिळाले, हा भाग श्रोते विसरतात. बुडालेली नौका तेवढी लक्षात ठेवतात.

आणि गंमत अशी की, प्रसाद न घेता उठण्यास जो थरथरतो, तोच दुकानात वजन मारताना पुष्कळदा थरथरत नाही. त्या घरातील लहान मुलास 'खोटे बोलू नकोस' असे सांगतात, आणि का असे त्याने विचारले तर 'देव डोळे फोडील' असे उत्तर मिळते. मूल त्या दिवसापासून देवघराकडे एकटे जाण्यास कचरते; खोटे बोलणे मात्र सोडत नाही.