वयाचीच पात्रता

किशोरवयातले समाजकार्य म्हणजे मोठ्यांच्या कामाची छोटी नक्कल, अशी समजूत शाळांमधून आणि घरांमधून पक्की झाली आहे. त्यामुळे या मुलांच्या वाट्याला प्रभातफेरीतले फलक येतात, टेकडीवर लावलेले आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणी पाणी न घातलेले रोप येते आणि शेवटी प्रमाणपत्र येते. पुण्यापुरते पाहिले तर या शहरात किशोरवयीनांच्या हातून घडलेले मोलाचे काम वेगळ्या जातीचे आहे. ते मोठ्यांना जमण्यासारखे नव्हतेच.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. त्याहून बोलके उदाहरण त्यांच्या विद्यार्थिनीचे आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. घरावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने मांडले. पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानावर आपल्या माणसांची काय विटंबना होई, तेही लिहिले. सुधारक या विषयावर कळवळ्याने लिहू शकत होते. पण वस्तीतले बोलणे आतून ऐकलेली आणि ते कागदावर उतरवण्याइतकी शाळा शिकलेली व्यक्ती त्या घडीला बहुधा हीच मुलगी होती. तिच्याजवळ पैसा नव्हता, पद नव्हते, संस्था नव्हती. सुमारे तीन वर्षांचे शिक्षण होते आणि स्वतःच्या माणसांची खबर होती. तेवढ्यावर लिहिलेला निबंध आज, पावणेदोनशे वर्षे होत आली तरी, वाचला जातो.

आपली वाट सापडते ती अशी. आपण कुठे उभे आहोत, तिथून काय दिसते आणि ते दुसऱ्या कोणाला का दिसत नाही, इथून विचार सुरू करावा लागतो.

आजच्या पुण्यात याचे नेमके उदाहरण म्हणजे लेखनिक. दृष्टिहीन विद्यार्थी उत्तरे तोंडी सांगतो आणि लेखनिक ती उतरवतो. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते. म्हणजे दहावीच्या पेपराला प्राध्यापक चालत नाही, नववीतला मुलगा चालतो. इथे लहान असणे हीच पात्रता आहे. तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळत असल्याने तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो आणि तेवढा वेळ बैठक मोडता येत नाही.

बैठकीपेक्षाही अवघड एक गोष्ट आहे. समोरचा चुकीचे उत्तर सांगत असेल आणि लेखनिकाला ते कळत असेल, तरी सांगितले तेच लिहायचे. ‘नक्की ना?’ असे विचारणेसुद्धा गैर, कारण त्या दोन शब्दांतच उत्तर चुकल्याचे कळते. वाटेल तिथे सल्ला देण्याची सवय असलेल्या शहरात चार तास सल्ला न देता बसणे ही लहान साधना नव्हे! मदत घेणाऱ्याची चूकही त्याच्या मालकीची असते, हे तत्त्व सेवेवरच्या भाषणांत क्वचित ऐकू येते. लेखनिकाला ते पहिल्याच पेपरला पाळावे लागते.

सगळ्यांनाच असे काम जमेल असे नाही. ज्यांना ते जमणार नाही त्यांना घरातला कचराही पुरेसा आहे. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर काम करते. सुका कचरा या बायका हाताने निवडतात. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात वेगळा गुंडाळून वर लाल ठिपका काढला, तर ती पुडी उघडण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने घरात एवढी शिस्त लावली, तर तिचा फोटो कुठे छापून येणार नाही. पण रोज सकाळी एका बाईचे हात घाणीपासून वाचतील. असल्या कामाला समाजकार्य म्हणायला संकोच वाटतो, आणि तो संकोच मोठ्यांनीच मुलांना शिकवला आहे.

आता पुन्हा लेखनिकाकडे. दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि लेखनिकाची जुळणी त्याच्या बरीच आधी करावी लागते. पुण्यात कोरेगाव पार्कला अंध मुलांची आणि कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे. नेहमीच्या शाळांतही दृष्टिहीन मुले शिकतात. आठवी-नववीच्या मुलामुलींनी पालकांना आणि वर्गशिक्षकांना विचारून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच अशा शाळांकडे लेखनिक म्हणून आपले नाव द्यावे.