लाकडाची तलवार

बसा.

सालेकसा तालुक्यात, धनेगाव मागे टाकून कचारगडच्या वाटेने थोडं चढलात की बसण्याजोगा दगड मिळतोच. त्यावर बसा. पाठ ताठ नसली तरी चालेल.

माघी पौर्णिमेची यात्रा पांगली आहे. लाखांनी माणसं आली, गुहेत जाऊन माथा टेकवून गेली. आता डोंगर मोकळा आहे.

श्वास आत येऊ द्या. त्यात वाळक्या पानांचा वास आहे. थोडी धूळ आहे.

श्वास जाऊ द्या.

खाली दरेकशाच्या बाजूने मालगाडी जाते. आवाज येतो, लांबत जातो, मिटतो. मिटू द्या.

पायाशी एक लाकूड पडलं आहे. हातभर लांब. एका अंगाने साल सुटलेली.

ते उचला.

तळहातावर तोलून पाहा. कडेवरून अंगठा फिरवा. धार नाही. बोट कापेल असं त्यात काही नाही.

आता ते मांडीवर आडवं ठेवा. आज एवढंच पाहायचं आहे.

*

इथून वायव्येला, सातपुड्यात, देवगड आहे. आजच्या हिशेबाने छिंदवाडा जिल्ह्यात. वैनगंगेच्या खोऱ्यावर त्या गडाच्या गोंड राजांचा अंमल होता. नागपूर वसवणारा बख्त बुलंद याच घराण्यातला.

त्याच्या कितीतरी आधी, जाटबा.

जाटबा राजा कसा झाला, याची एक गोष्ट आहे. ती सावकाश ऐका. एक वाक्य, मग एक श्वास.

शेंगांच्या वेलाखाली, एका कुमारिकेच्या पोटी, मूल जन्मतं.

वेल पाहा. कुंपणावर चढलेला. त्याची सावली जमिनीवर हलते आहे.

आई कामाला जाते. ऊन चढतं. एक नाग येतो आणि बाळावर फणा धरतो.

त्या फण्याची सावली केवढी असेल? ओंजळीएवढी. बाळाचं तोंड झाकेल, एवढीच.

इथे थोडं थांबा. पुढे राज्य आहे, हत्ती आहेत. ते कुठे जात नाहीत.

मूल मोठं होतं. देवगडावर तेव्हा दोन गवळी राजे आहेत. सांगणाऱ्यागणिक त्यांची नावं बदलतात. कुठे रणसूर आणि घनसूर, कुठे मनसूर आणि घनसूर. जाटबा त्यांच्या चाकरीला राहतो. अंगात ताकद अशी की गडाचा मोठा दरवाजा एका हाताने उचलतो. राजांचा तो लाडका होतो.

सण येतो. रेडे मारायचे आहेत. ते काम जाटबाकडे येतं, आणि हत्यार म्हणून त्याच्या हाती दिलं जातं लाकूड.

मांडीवर पाहा.

असंच. धार नसलेलं.

रात्री देवी स्वप्नात येते. भिऊ नकोस, म्हणते. सकाळी तो लाकूड उचलतो आणि रेडा पडतो. मग तो राजांच्या हत्तीवर चढतो, आणि दोन्ही राजे पडतात.

त्या दिवसापासून देवगड जाटबाचा.

श्वास घ्या. हात अजून लाकडावर आहे का, पाहा.

*

अभ्यासक या गोष्टीभोवती शंभराहून अधिक वर्षं फिरत आहेत. इंग्रजी अमलात गॅझेटियरवाल्यांनी ती लिहून घेतली. १९२३ मध्ये सी. यू. विल्स यांनी सातपुड्यातल्या राजगोंड राजांवर पुस्तक लिहिलं आणि अशा कथा मुसलमानी काळातल्या लेखांशी ताडून पाहिल्या.

गवळी राजे खरेच होते का? की गुराढोरांवर जगणाऱ्या कुठल्या जुन्या सत्तेची ती पुसट आठवण? मध्य भारतात कितीतरी गडांना लोक गवळी राजांचं नाव देतात. एवढे गवळी राजे आले कुठून? कुणी यादवांपर्यंत धागा नेतं, कुणी आभीरांपर्यंत.

प्रश्न येतात तसे येऊ द्या. त्यांना बसायला जागा द्या. उत्तर देण्याची तुमच्यावर सक्ती नाही.

एक नोंद मात्र आहे. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जाटबाचं नाव येतं. २,००० घोडेस्वार. ५०,००० पायदळ. १०० हत्ती.

पुन्हा ऐका.

हत्ती आहेत. वेल नाही. नाग नाही. लाकूड नाही.

दरबारी कारकुनाला मोजता येतं तेवढंच तो लिहितो. त्याला दोष कशाला द्यायचा?

*

आता नजर पश्चिमेकडे जाऊ द्या. सातपुडा ओलांडून, समुद्र ओलांडून, वाळूचे प्रदेश ओलांडून. तिथेही एक पोरगा आहे. बेथलेहेमचा, मेंढरं राखणारा. दावीद.

त्याच्या हातात तलवार नाही. गोफण आहे, आणि ओढ्यातून वेचलेले पाच गुळगुळीत गोटे.

एक गोटा सुटतो. समोरचा धिप्पाड गल्याथ पडतो.

पण दाविदाचा हात नीट पाहा. बायबलात, आधीच्या अध्यायात, त्या हातात वीणा आहे. शौल राजाचं मन बिघडतं, दावीद वाजवतो, राजाला बरं वाटतं. आणि पुढच्याच अध्यायात, लढाईच्या दिवशी, तोच शौल सेनापतीला विचारतो, हा पोरगा कोणाचा? जणू कधी पाहिलंच नाही.

पुढे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, एक ओळ येते. तिथे गल्याथाला मारणारा एलहानान आहे. तोही बेथलेहेमचाच.

शमुवेलाची पुस्तकं रचणाऱ्यांनी यातलं काही खोडलं नाही. जोडही घासून गुळगुळीत केला नाही. मला त्यांचा हा धीर फार मोठा वाटतो.

दोन्ही ओळी शेजारी शेजारी असू द्या. मधे एक श्वास ठेवा.

१९९३ पर्यंत दाविदाचं नाव त्याच्या काळाजवळच्या, बायबलबाहेरच्या कुठल्याच लेखात वाचलं गेलं नव्हतं. थॉमस थॉम्प्सन, नील्स पेटर लेम्के, फिलिप डेव्हिस यांच्यासारखे अभ्यासक या गोष्टींना फार नंतरच्या काळाची रचना मानत होते. मग उत्तरेला तेल दान इथे, अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात, एका भिंतीत बसवलेला फुटका काळा दगड मिळाला. त्यावर अरामी अक्षरं. काळ इसवी सनापूर्वी नववं शतक. एक शत्रू राजा आपल्या विजयाची फुशारकी मारतो आहे, आणि त्यात काही अक्षरं येतात. बहुतेक अभ्यासक ती अशी वाचतात: दाविदाचं घराणं.

माणूस नाही. घराणं.

वाद तिथे मिटला नाही. इस्राएल फिंकेलस्टाइन यांना डोंगरातला एक छोटा सरदार दिसतो. योसेफ गारफिंकेल खिर्बेत कियाफाच्या भिंतींकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, हे एवढं बांधणारं राज्य छोटं कसं असेल?

त्यांना खणू द्या. माती अजून खूप आहे.

आपण लाकडाकडे परत येऊ.

*

ऐका.

काहीच ऐकू येत नाही असं वाटलं, तर आणखी थोडं ऐका. बांबूचं बेट करकरतं. पान पानावर पडतं. खाली बांध्यांकडून कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं, आणि बऱ्याच वेळाने ओ येते.

याच डोंगराची एक गोष्ट किंगरीच्या सुरावर सांगतात. किंगरीही लाकडाचीच. गुहेत देवाची लेकरं कोंडलेली. तोंडाशी मोठी शिळा. पारी कुपार लिंगो वाट शोधतो, आणि हिरासुका नावाचा वाजवणारा किंगरी छेडतो. शिळा हलते. लेकरं बाहेर येतात.

हिरासुका शिळेखाली सापडतो.

हे वाक्य पटकन ओलांडू नका.

राजांच्या, देवांच्या, गोत्रांच्या कथा गोंडांमध्ये परधानांनी गाऊन राखल्या. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या पाद्र्याने लिंगोचं गीत एका परधानाकडून उतरून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. कागद मागे राहिले, आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते छापले. दाविदाची गोष्ट लहानपणापासून जाणणारा माणूस परधानासमोर बसून लिहितो आहे. तो क्षण डोळ्यांसमोर आणा. एक गातो. एक बोरू थांबवून पुन्हा विचारतो. गाणारा मागची ओळ पुन्हा गातो.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता लाकूड उलटं करा. साल सुटलेली बाजू खाली, दुसरी वर.

बारूख हाल्पर्न आणि स्टीव्हन मॅकेन्झी यांनी शमुवेलाची पुस्तकं अशीच उलटी करून वाचली. शौल रणात पडतो. दावीद तिथे नसतो. शौलाचा सेनापती अबनेर मारला जातो. दावीद त्याच्यासाठी रडतो, उपास धरतो. शौलाचा मुलगा ईश-बोशेथ दुपारी झोपेत मारला जातो. दावीद मारेकऱ्यांना देहदंड देतो. दर वेळी वाट मोकळी होते. दर वेळी दाविदाचे हात स्वच्छ असतात. एवढी सफाई कुणाला द्यावी लागते, असं हे दोघे विचारतात. ज्याच्यावर आरोप झाले असतील, त्याला.

रागावू नका. बाजू घेऊ नका. फक्त पाहा.

जाटबाकडे लाकूडच होतं. म्हणजे कट नव्हता.

देवीने स्वप्नात सांगितलं. म्हणजे मनात आधीपासून काही नव्हतं.

नागाने फणा धरला होता. म्हणजे हे ठरलेलंच होतं.

ही गोष्ट कुणाच्या अंगणात रचली गेली असेल? रेडे मारणाऱ्या, दरवाजे उचलणाऱ्या चाकरांच्या? आपल्यातलाच एक वर गेला म्हणून ते रात्री शेकोटीपाशी पुन्हा पुन्हा सांगत असतील. की गडावर, जाटबाच्या नातवंडांसमोर, ज्यांना आपलं राज्य खुनातून आलं असं ऐकायचं नव्हतं?

मला वाटतं, दोन्हीकडे. चाकराला जे नवल वाटलं, तेच दरबाराला सोयीचं पडलं. पण माझं वाटणं बाजूला ठेवा. लाकडाला दोन्ही बाजू आहेत. एक हात एका बाजूला ठेवा, दुसरा दुसऱ्या.

असंच बसा. दहा श्वास. मोजले नाहीत तरी चालतील.

*

एक जागा अजून राहिली.

हत्तीवर चढा. तिथे रणसूर आणि घनसूर बसले आहेत. गोष्टीत त्यांना बोलायला एक वाक्यही नाही. आईन-ए-अकबरीत ते नाहीत. कुठल्या शत्रूच्या दगडावरही नाहीत. त्यांच्या शेजारी बसा.

इथून अंगण दिसतं. माणसांची गर्दी दिसते. रेडा पडलेला दिसतो, आणि त्याच्याजवळ उभा असलेला एक जवान गडी.

तो वर पाहतो आहे.

त्यांना भीती वाटत नाही. का वाटावी? पोरगा ओळखीचा आहे. दरवाजा उचलला तेव्हा याच दोघांनी कौतुक केलं होतं. त्याला चाकरीवर त्यांनीच ठेवलं. रेडे मारायला पुढे त्यांनीच केलं. हातात तलवार न देता लाकूड द्यायचं, हेही त्यांनीच ठरवलं असेल.

का ठरवलं असेल? थट्टा म्हणून? की त्याच्याबद्दल काही कानावर आलं होतं म्हणून?