झाकणाखालची साय आणि नदीचा पूर

जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलेलं गिऱ्हाईक ऑइलचं झाकण फिरवतं आणि आतली पिवळसर साय बघून थबकतं. सोबतचा जाणकार निकाल देऊन मोकळा होतो: हेड गॅस्केट गेलं, कूलंट ऑइलमध्ये उतरलं. सौदा फिसकटला.

पण कार्यावरून कारण ठरवायचा हक्क कितपत? भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांत हा वाद फार जुना आहे. नदीला पूर आला म्हणजे वर पाऊस झाला, हे अनुमान. त्यावर आक्षेप असा, की प्रवाह अडला तरी पाणी चढतंच! सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचं उत्तर रोखठोक आहे: नुसतं चढलेलं पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. वाढलेला वेग, फेस, वाहून आलेली पानं-लाकडं, हे सगळं दिसलं तरच पावसाचं अनुमान.

झाकणाखालची साय म्हणजे नुसतं चढलेलं पाणी. गाडी रोज जेमतेम दोन किलोमीटर फिरली, तर ऑइल पुरतं तापत नाही. वाफ झाकणाशी थिजते आणि अशीच साय धरते. म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का, बाहेर गळती नसताना कूलंट घटतंय का, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहतो का, हे बघायचं. शंका उरलीच तर रेडिएटरमधली हवा निळ्या रसायनातून ओढतात. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर ते पिवळं पडतं.

अनुमानच न मानणारा चार्वाक तरीही अडून बसेल: गॅस्केटच कशावरून? ब्लॉकला तडा असला तरी लक्षणं हीच. हेड उतरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही, आणि विकणारा काही ते उतरवू देणार नाही.