दादरा-नगर हवेलीची बेरीज

३० ऑक्टोबर २०२१ रोजी दादरा-नगर हवेलीत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या कलाबेन डेलकर यांना १,१८,०३५ मतं पडली, भाजपचे महेश गावित यांना ६६,७६६. काँग्रेस सहा हजारांच्या आसपासच अडकली. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, ७ मे २०२४ रोजी, त्याच कलाबेन भाजपच्या उमेदवार म्हणून उभ्या होत्या. आदल्या खेपेला समोरासमोर लढलेल्या दोन फळ्या आता एका चिन्हाखाली आल्या. दोन्हींच्या मतांची बेरीज १,८४,८०१ होते. कलाबेन यांना प्रत्यक्षात मिळाली १,२१,०७४. आणि काँग्रेसच्या अजित महाला यांना ६३,४९०.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या निकालाची बातमी एका ओळीची होती: भाजपने जागा ५७,५८४ मतांनी जिंकली. ते खरंच आहे. पण त्या निकालात सांगण्यासारखं जे होतं, ते या ओळीत आलंच नाही. दोन नेतृत्वं एकत्र आली म्हणून त्यांचे दोन मतदारवर्ग एकत्र आले नाहीत. ज्या पक्षाचा उमेदवार तीन वर्षांपूर्वी खिजगणतीतही नव्हता, त्याच्या खात्यात त्रेसष्ट हजार मतं जमा झाली. मतदान गुप्त असतं, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. एवढं मात्र आकडेच सांगतात की सत्तेच्या विरोधात मत द्यायला इथे पुष्कळ माणसं तयार होती, आणि त्यांना घर सापडलं नाही तेव्हा त्यांनी पडकं घर उघडून त्यात बिऱ्हाड केलं.

माझं म्हणणं असं आहे. एकाच पक्षाचं वर्चस्व म्हणून आपण जे मोजतो, ते बहुतेक वेळा नेत्यांच्या पक्षप्रवेशाचं मोजमाप असतं. मतदाराच्या मनाचा ठाव फक्त मतपेटीतून लागतो, तोही तिथे खरी निवड ठेवली असेल तर. म्हणूनच बिनविरोध निवडणुकांचं जे पेव आता फुटलं आहे, त्याला मी मोठा धोका मानतो.

दादरा-नगर हवेलीचा मतदार बालेकिल्ल्यातला मतदार कधीच नव्हता. २००९ मध्ये भाजपचे नटुभाई पटेल इथून निवडून आले ते ६१८ मतांनी. २०१४ च्या लाटेत देशभर लाखालाखाचे फरक पडत असताना इथला फरक होता ६,२१४ मतांचा. २०१९ मध्ये, म्हणजे भाजपने देशात ३०३ जागा जिंकल्या त्या वर्षी, कलाबेन यांचे पती मोहन डेलकर अपक्ष उभे राहिले आणि त्याच नटुभाईंना त्यांनी ९,००१ मतांनी हरवलं. शेजारच्या गुजरातेत त्या वेळी सव्वीसच्या सव्वीस जागा भाजपकडे गेल्या होत्या. वापीहून निघालेल्या माणसाला हद्द कुठे संपली ते कळतसुद्धा नाही. तरीही अलीकडे एक निकाल लागला आणि पलीकडे दुसराच.

डेलकर १९८९ पासून सात वेळा खासदार झाले. अपक्ष, काँग्रेस, भाजप, पुन्हा अपक्ष, मग भारतीय नवशक्ती पक्ष, शेवटी परत अपक्ष. मुंबई-पुण्याच्या विश्लेषकाला ही कोलांटउडी वाटते. वारली, कोकणा, धोडिया पाड्यांवरच्या माणसाला तशी वाटली नसावी, कारण त्याच्यासाठी माणूस तोच होता. डेलकरांची सुरुवात कारखान्यांतल्या आदिवासी कामगारांच्या लढ्यातून झाली. करसवलतींमुळे सिल्वासा, मसाट, पिपरिया, राखोली या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, जमिनींचे भाव चढले आणि जमिनीचा मूळ मालक गेटवर कंत्राटी कामगार म्हणून उभा राहिला. अशा माणसाला जाहीरनामा नको असतो. त्याला हवा असतो कचेरीत जाऊन आवाज चढवू शकणारा कुणीतरी.

आणि सगळं अडतं ते या कचेरीशीच. दादरा-नगर हवेलीला विधानसभा नाही. आमदार नाही, मंत्री नाही. एक खासदार, जिल्हा पंचायत, नगरपालिका, ग्रामपंचायती, आणि या सगळ्यांच्या वर केंद्राने नेमलेला प्रशासक. जातीचा दाखला, जमिनीचा उतारा, वनहक्काचा दावा, घरकुलाची यादी, शाळेतली बदली या सगळ्या वाटा शेवटी त्याच दारापाशी जातात. केंद्रात जो पक्ष, त्याचाच वचक या कचेरीवर. मग स्थानिक पुढाऱ्याला विरोधात राहणं महाग पडतं. त्याच्या मतदारांनी मत बदललेलं नसतं. पण मत बदललं नाही म्हणून कामं अडतात. पुढारी पक्ष बदलतो तो या अडवणुकीपुढे. आपण त्याला विचारांचा विजय म्हणतो.

२०२० च्या नोव्हेंबरात झालेल्या जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत डेलकर गटाने संयुक्त जनता दलाच्या चिन्हावर २० पैकी १७ जागा जिंकल्या होत्या. हा पक्ष तेव्हा बिहारमध्ये भाजपचा भागीदार होता, इथे मात्र त्याच्याच विरोधात लढला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या पक्षाचे नेते नितीशकुमार यांनी पाटण्यात युती मोडली आणि सप्टेंबरात इथल्या १७ पैकी १५ सदस्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. मांदोणीच्या किंवा दुधनीच्या मतदाराला कुणी काही विचारलं नाही. त्याने दिलेलं मत पाटणा, दिल्ली आणि सिल्वासा यांच्यामध्ये परस्पर वळतं झालं.

या दोन घटनांच्या मध्ये मोहन डेलकरांचा मृत्यू आहे. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतल्या एका हॉटेलात त्यांनी आयुष्य संपवलं आणि मागे लांबलचक गुजराती चिठ्ठी ठेवली. प्रशासक आणि काही अधिकाऱ्यांवर मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तोच निर्णय कायम ठेवला. न्यायालयाचा निकाल झाला, त्यावर मी वेगळा निवाडा सांगणार नाही. पण सात वेळा निवडून आलेल्या खासदारालाही आपल्या प्रदेशात आपलं काही चालत नाही असं वाटावं, यावरून तिथल्या साध्या मतदाराच्या वकुबाची कल्पना यावी.

त्यानंतरच्या पोटनिवडणुकीचा अर्थ आपण मराठी माणसांनी फारच सोयीने लावला. महाराष्ट्राबाहेरचा शिवसेनेचा पहिला खासदार, गुजरातच्या दारात भगवा, असं पुष्कळ लिहिलं गेलं. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांनी भाग घेतला होता, त्यामुळे या भूमीशी आपलं नातं आहेच. पण २०२१ चं मत शिवसेनेच्या विस्ताराला नव्हतं. ते शोकाचं आणि रागाचं मत होतं, ज्या चिन्हावर ते देता आलं त्या चिन्हाला दिलेलं. तसंच २०२४ चा निकाल भाजपच्या विचाराला मिळालेली पावती नव्हता. दोन्ही वेळा डेलकर हे नाव यंत्रावर होतं. पक्षांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी निकाल आपापल्या ताटात वाढून घेतला.

जनमत चाचण्यांकडून इथे काही शिकावं तर त्या इथे पोहोचतच नाहीत. एका जागेसाठी कोण पथक पाठवणार? पाठवलं तरी, मतदान केंद्राबाहेर परका माणूस यंत्र हातात घेऊन नाव, जात, मत विचारतो तेव्हा कंत्राटदाराच्या गाडीतून आलेला कामगार काय उत्तर देईल? जिथे सत्ता एकच आणि सर्वत्र असते, तिथे सुरक्षित उत्तरही एकच असतं. २०२४ मध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्या सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेत होत्या, मिळाल्या २९३. याला केवळ संख्याशास्त्रातली चूक म्हणून सोडून देऊ नये. वर्चस्व जितकं मोठं, तितका चाचणीवरचा भरवसा कमी ठेवावा.

उरते मतपेटी. आणि तीच आता काढून घेतली जात आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात या केंद्रशासित प्रदेशात पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. बहुसंख्य जागांवर मतदानाआधीच भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. आपले अर्ज मोठ्या प्रमाणावर बाद केल्याचा आरोप काँग्रेसने केला. तो आरोप तपासायला न्यायालयं आहेत. काँग्रेसचीही यात मोठी हलगर्जी आहे. लोकसभेला मिळालेल्या त्रेसष्ट हजार मतांचा विश्वास दीड वर्षात तिला सांभाळता आला नाही, प्रत्येक जागेवर दुसरा डमी अर्ज भरून ठेवण्याइतकी तयारी तिने केली नाही. पण पक्ष ढिसाळ होता म्हणून मतदाराचा हक्क का जावा?

छाननीच्या टेबलावर काय होऊ शकतं, हे सुरतेने २०२४ मध्ये दाखवलं. काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी अर्जावरच्या सह्या आपल्या नाहीत असं लिहून दिलं. अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचा अर्जही त्याच वाटेने गेला. मग उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल खासदार झाले. सोळा लाखांहून अधिक मतदार असलेल्या मतदारसंघात एकाही बोटाला शाई लागली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५३(२) याला मुभा देतं: जागेइतकेच उमेदवार उरले की निवड जाहीर करायची.

महाराष्ट्राने इथे मान वर करून बोलू नये. बिनविरोध ही आमचीच जुनी हौस आहे. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या की पेढे वाटायचे, गावाचा एकोपा म्हणून सत्कार करायचा, ही रीत काँग्रेसच्या राज्यात रुजली, जेव्हा १९७२ मध्ये तिच्याकडे विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा होत्या. गुजरातेत बिनविरोध गावांना समरस म्हणून सरकारी अनुदान मिळतं. हा एकोपा कसा जमतो, ते २०२१ च्या जानेवारीत दिसलं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. गावात ज्याला बोली लावता येत नाही, त्याचा एकमेव जोर म्हणजे त्याचं मत. बिनविरोधात पहिल्यांदा जातं ते तेच.

नगर हवेलीने खरी एकपक्षीय राजवट पाहिलेली आहे. १९५४ पर्यंत तिथे सालाझारचा अंमल होता आणि पोर्तुगालमध्ये युनियन नॅशनल हा एकच अधिकृत पक्ष होता. १९४९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी उमेदवार नॉर्टन दि मातोश मतदानाच्या तोंडावर माघार घेऊन मोकळे झाले; निवडणूक खुली होणार नाही हे त्यांना दिसत होतं. आजचा भारत तो पोर्तुगाल नाही, आणि तसं म्हणणं अन्यायाचं ठरेल. इथे न्यायालयं आहेत, पत्रकार आहेत, आणि २०२४ मध्ये शेजारच्या दमण-दीवमध्ये उमेश पटेल हे अपक्ष भाजपच्या तत्कालीन खासदाराला हरवून निवडून आले. म्हणजे दार अजून उघडं आहे. ते उघडं असतानाच बोललं पाहिजे.

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, तेव्हापासून ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत हा प्रदेश वरिष्ठ पंचायतीने स्वतः चालवला. भारतात सामील झाल्यावर त्याच पंचायतीला फक्त चर्चा करण्याचा आणि प्रशासकाला शिफारस करण्याचा अधिकार उरला. विधानसभेची मागणी तेव्हापासूनच्या त्या पोकळीतून येते आणि ती न्याय्य आहे. पण तिला वेळ लागेल. त्याआधी करता येण्यासारखं एक काम आहे. उमेदवार एकच उरला तरी मतदान व्हावं, आणि यंत्रावर त्याच्या नावाखाली नोटाचं बटण असावं. नोटाला जास्त मतं पडली तर स्थानिक निवडणूक पुन्हा घेण्याचा आदेश महाराष्ट्राच्या आयोगाने २०१८ मध्ये काढला आहे. तोच बिनविरोध जागांनाही लावावा. कलम ५३(२) ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. त्या आव्हानाच्या बाजूने महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांनी, सत्तेतल्यांनीही, उभं राहावं. आणि आपल्या गावात पुढच्या खेपेला बिनविरोधाचे पेढे आले, तर वाचकांनी ते घेण्याआधी कुणाचा अर्ज कशासाठी मागे घेतला गेला, एवढं जरूर विचारावं.