बांधावरच्या फुलांना अनुदान

दौंडकडे जाताना खुटबावला गाडीतून उतरलं की डोळ्यांत भरतो तो ऊस. सगळं हिरवंगार. पण ऊस हे शेवटी गवतच, बंगल्यापुढच्या लॉनचा थोरला भाऊ. त्याला तुरा आला तरी पराग वाऱ्यावर जातात. मधमाशीला मध काही मिळत नाही. तिच्या पोटाची सोय बांधावर असते: तरवड, बोर, बाभूळ, करंज. तो बांध कोरून कोरून हातभर उरलाय, आणि उरलेल्यावर तणनाशक.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २०१९ साली लोकांनी आपलं लॉन काढून मधमाश्यांसाठी देशी फुलझाडं लावावीत म्हणून नऊ लाख डॉलर मंजूर केले. आपल्याकडे रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावता येतात; मग तरवडाला पैसे का नकोत?

माझ्या जमिनीत काय उगवावं यासाठी सगळ्यांनी का पैसे मोजायचे, असं कुणी विचारेल. याचं उत्तर सोपं आहे. माशी सातबारा बघत नाही. माझ्या बांधावर जगलेली माशी शेजाऱ्याच्या दोडक्यावर, कलिंगडावर जाते. शिवाय खडकवासल्याचा कालवाही सगळ्यांच्याच पैशाने झाला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तेव्हा हा प्रश्न फारसा कुणाला पडला नव्हता.

मला अडतं ते दुसरीकडे. ज्याने फवारून बांध उघडा केला, तो उद्या रोपं लावून अनुदान घेईल. जिने तीस वर्षं बांधाला हात लावला नाही, शेजाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, आळशी म्हणवून घेतलं, त्या म्हातारीला काय? तिने काही 'लावलेलं' नाही. रोपं मोजता येतात, खड्ड्यांचे फोटो काढता येतात. राखलेलं मोजायला रकानाच नसतो.

तिला पैसे दिले तर तिच्या राखण्याची मजुरी होईल, असं एक मित्र म्हणतो. होऊ दे. तिच्या चांगुलपणाची काळजी तिला फुकट राबवून घेणाऱ्यांनी करू नये. मी तर म्हणेन, पैसे लावण्याचे देऊच नका, फुलण्याचे द्या. भर एप्रिलमध्ये येऊन बघा, बांधावर काय फुललंय.

'देशी'चा हट्टही जरा बेतानेच. जखमेवर चोळतो तो दगडी पाला मूळचा अमेरिकेचा, आणि माश्या-फुलपाखरं त्यावर खुशाल बसतात. म्हातारीच्या बांधावर तोही आहे. यादीत नाही म्हणून तो उपटायला कुणी सांगितलं, तर ती ऐकणार नाही.